मांडवाशिवाय धवला

गंगाबाईला एवढी गाणी येत होती, पण घरात ती कधी साधं गुणगुणतही नसे. पनवेलजवळच्या त्या खाडीकाठच्या गावात नवीन सून आली की तिला ह्याचं नवल वाटे. भाकऱ्या थापताना, कोळंबी सोलताना, दुपारी ओट्यावर तांदूळ निवडताना ही बाई मुकाट. आणि कुणाच्या दारात लग्नाचा मांडव पडला, की तीच बाई नऊवारी चापूनचोपून नेसून पाटावर बसायची आणि असा आवाज लावायची की आचारी चुलीपाशी हात थांबवून ऐकत राहायचा.

ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले म्हणणारी बाई. हळद लावण्यापासून सून उंबरठा ओलांडेपर्यंत प्रत्येक विधीला त्याचा धवला असतो, आणि तो म्हणणारीला भटजीइतकाच मान असतो. गंगाबाईची सासू धवलारीण होती, तिच्याकडून ही शिकली. शिकली म्हणजे कुणी समोर बसवून शिकवलं नाही. सासूच्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभं राहायचं आणि कानात साठवायचं. घरी येऊन एखादी ओळ पुन्हा विचारली, तर सासू तोंडावर बोट ठेवायची.

"मांडव हाय का हितं? नाय ना? मग गप."

सासूचं म्हणणं असं, की धवल्याला मांडव लागतो. मांडवाशिवाय मोकळा सोडला तर तो मांडव शोधत फिरतो, आणि नाही मिळाला तर कुणाच्या तरी दारात ठाण मांडून बसतो. मग त्या घराचं काही खरं नाही. असं कुणाचं झालं होतं, हे सासूनं कधी सांगितलं नाही, आणि गंगाबाईनं कधी विचारलं नाही. सासू गेल्यावरही तिनं तो नेम पाळला. नातवंडांना झोपवतानाही तिनं धवला वापरला नाही, थोपटून थोपटून झोपवलं.

हौसाचं सगळं उलट होतं.

हौसा तिची जोडीदारीण. धवला एकटीनं म्हणायचा नसतो. एक सांगते, दुसरी झेलते. गंगाबाई सांगायची, हौसा झेलायची. वयानं दोघी बरोबरीच्या, एकाच आळीत वाढलेल्या. हौसाला जवळच्या आपटे गावात दिली होती. तिथं नवऱ्यानं दुसरी आणली, तशी ही एक पत्र्याची पेटी घेऊन भावाकडे, काशीरामकडे, परत आली ती कायमची. पनवेलच्या मच्छी मार्केटाबाहेर सुकट-बोंबील विकायला बसायची. तिच्या टोपलीशेजारी एक छोटा रेडिओ असायचा, रबरबँड लावून धरून ठेवलेला. जुनं गाणं लागलं की ती गिऱ्हाइकाचं वजन करायचं सोडून रेडिओ त्याच्या कानाला लावायची.

"आईक, आईक ह्या. बोंबील कुठं पलून नाय जात."

जुनं म्हणजे तिच्या दृष्टीनं खूप जुनं. आपण पोरी असताना सरपंचाच्या घरच्या रेडिओवर वाजायचं ते. नवीन गाण्यांना ती नावं ठेवत नसे, पण म्हणायची, ही गाणी चहासारखी, प्याली की झाली. ती जुनी कशी, मुरलेल्या लोणच्यासारखी. तिला आवडलेलं गाणं दुसऱ्यानं ऐकलं नाही तर तिला चैन पडत नसे. शेजारच्या भाजीवालीला, एस.टी. स्टँडवरच्या हमालाला, मोहल्ल्यातून सुकट घ्यायला येणाऱ्या बायकांना, सगळ्यांना तिनं कधी ना कधी रेडिओ कानाला लावलेला होता. फक्त गंगाबाईपाशी तिची डाळ शिजत नसे. गंगाबाई रेडिओ ऐकायची, मान डोलवायची, पण आपल्याकडची गाणी मांडवाबाहेर काढायची नाही.

"तुजा गला म्हंजे बँकेतला लॉकर हाय," हौसा म्हणायची. "किल्ली लग्नवाल्याकडं."

सगळ्या धवल्यांत हौसाला एक धवला जीव की प्राण होता. झाडांचा धवला. मांडव घालायच्या दिवशी सकाळी, अंगणात पहिली मेढ, म्हणजे मांडवाचा पहिला खांब, रोवतात तेव्हा तो म्हणायचा. सांगणारी एकेका झाडाला विचारते, मांडवाला येशील का? आणि झेलणारी त्या झाडाच्या वतीनं उत्तर देते. म्हणजे ह्या एका धवल्यात झेलणारीचा वाटा मोठा. गंगाबाईला एक ओळ, हौसाला तीन. आणि हौसा त्या तिनाच्या सहा करायची.

"आंब्या रे आंब्या, मांडवाला येशील काय?" गंगाबाई विचारायची.

"कसा येऊ गो बाय, माजी पोरं लहान लहान," हौसा आंबा होऊन म्हणायची, आणि कमरेवर मूल घेतल्यासारखी वाकायची.

फणस म्हणायचा, माझं अंग खरबरीत, पाहुण्यांना टोचेल. चिंच म्हणायची, मी आंबट तोंडाची, मला कोण बोलावतंय. हे म्हणताना हौसा बरोबर लग्नघरच्या आत्याकडे बघायची, आणि मांडव घालणारे गडी बांबू टाकून हसायचे. असं एकेक झाड सबब सांगत जायचं, आणि शेवटी उंबराची पाळी. उंबराला ना डोळ्याला दिसणारं फूल, ना बाजारात किंमत. तो म्हणायचा, मला फूल नाही, मला मान नाही, तरी तू बोलावलंस तर येईन. इथं मात्र हौसा कुठलीही गंमत करत नसे. सरळ, बारीक आवाजात ती ओळ म्हणायची. मग उंबराची फांदी मेढीला बांधायची.

चिरनेरपासून कर्नाळ्याच्या पायथ्यापर्यंत दोघींनी हा धवला म्हटला होता. पुढे दिवस पालटले. जमिनी गेल्या, घरं पक्की झाली, हळदीला डीजे आला. धवलारणीला बोलावत, साडी-नारळ देत, पण पोरं म्हणत, काकी, जरा आटपतं घ्या, साउंडवाला थांबलाय. बाकीचे धवले दोन-दोन ओळींवर आले. झाडांचा तेवढा टिकला, कारण तो सकाळी असे, आणि सकाळी साउंडवाला झोपलेला असे.

दोन हजार दहा सालच्या आषाढात हौसा मार्केटात बसल्या बसल्या आडवी झाली. पोटात गाठ निघाली. काशीराम तिला मुंबईला दाखवून आला. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, आणि घरी न्या म्हणजे काय ते काशीरामला कळलं. त्यानं बाहेरच्या खोलीत खिडकीशी खाट टाकली. काशीरामची बायको चंद्रावती तिचं सगळं करायची, कुरकुर न करता.

श्रावणात एका दुपारी गंगाबाई पेज घेऊन गेली. हौसाचं तोंड एवढंसं झालं होतं, पण जीभ शाबूत होती.

"आयली का लॉकर," ती म्हणाली. "बस. रेडिओचा शेल संपलाय, आनि प्रितम नवा आनत नाय."

"आनतो गो आत्या," आतून काशीरामचा मुलगा प्रितम ओरडला. तो जेएनपीटी बंदरात कामाला होता, त्या दिवशी सुट्टीवर होता. "मोबाइलवर ऐक तोवर."

"तुज्या मोबाइलवर समदी धडाधड. छातीत धडकी भरते." मग ती गंगाबाईकडे वळली. "गंगे, झाडांचा म्हन ना एकदा. तू इचार, मी सांगते."

गंगाबाईनं पेजेच्या वाटीवरचं झाकण काढलं. "पेज खा आदी."

"खाते. तू म्हन."

"मांडव कुठं हाय?"

"जल्ला तुजा मांडव. आता मांडवासाठी मी लगीन करू की काय?"

"श्रावनात कुनाचा मांडव? चार महिने कायबी नाय. तुलशीचं लगीन होऊ दे, मग वैशाखात आमच्या कोमलचं हाय. पयली मेढ तुज्यासमोर रोवते. तवा म्हनू, तू नि मी."

"तवापत्तूर बांबू माज्याच दारात येतील गो," हौसा म्हणाली.

गंगाबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. मग हौसानं तो हात काढून बाजूला ठेवला आणि पेज खाल्ली, चार घोट.

त्या दिवशी घरी जाताना गंगाबाईला वाटलं, आपण बरोबर केलं. एक तर सासूचा नेम होता. आणि दुसरं, जे तिनं कुणालाही बोलून दाखवलं नाही, ते असं, की आत्ता धवला म्हणायचा म्हणजे हौसा आपल्या नातीच्या, कोमलच्या लग्नापर्यंत राहणार नाही हे कबूल करायचं. नाही म्हटलं म्हणजे अजून वेळ आहे. नाही म्हटलं म्हणजे हौसाला वैशाखापर्यंत थांबावं लागेल. तिनं आपल्या मनाशी तसा हिशेब मांडला होता, आणि तो तिला अगदी पक्का वाटत होता.

गणपतीत हौसानं प्रितमकरवी पुन्हा निरोप धाडला. प्रितम दारातूनच म्हणाला, "काकी, आत्या म्हनते, मोठ्यानं नको, नुसता गुनगुन. कुनाला ऐकाला जानार नाय."

"तिला सांग, तुलशीचं लगीन," गंगाबाई म्हणाली.

"काकी, तिचं काय खरं नाय आता."

"असं बोलू नये," म्हणत ती आत निघून गेली.

त्यानंतर हौसानं विचारणं सोडलं. पितृपक्ष संपला, घट बसले. त्या दिवसांत एका संध्याकाळी गंगाबाई तिच्या पायाशी बसली होती, पाय चेपत. पाय कसले, नुसत्या काड्या. चंद्रावती आत दिवा लावत होती. हौसाचे डोळे मिटलेले होते, झोपली असं वाटत होतं, आणि एकदम तिनं सुरुवात केली. आवाज कसला, श्वासच तो, पण चाल चुकत नव्हती.

"कसा येऊ गो बाय, माजी पोरं लहान लहान."

आणि थांबली. पुढचा प्रश्न गंगाबाईनं विचारायचा, तेवढीच जागा सोडली तिनं. नेमकी तेवढी. मग फणसाची ओळ म्हणाली. पुन्हा जागा सोडली. चिंचेची ओळ म्हणताना तिच्या ओठांचा कोपरा थोडा वर गेला. गंगाबाईच्या गळ्यापर्यंत प्रत्येक प्रश्न आला आणि तिथंच राहिला. ती पाय चेपत राहिली, जरा जोरात.

शेवटी उंबर आला. हौसानं जागा सोडली आणि डोळे उघडून गंगाबाईकडे पाहिलं. बाकीच्या झाडांनी न विचारता उत्तरं दिली होती. उंबराचं उत्तर मात्र तिनं दिलं नाही. वाट पाहत राहिली.

"दमलीस," गंगाबाई म्हणाली. "निज आता."

हौसानं मान हलवली आणि भिंतीकडे वळली.

दसऱ्यानंतर, दिवाळी तोंडावर असताना ती गेली. काशीरामच्या दारात बांबू आले. गंगाबाईनं बायकांबरोबर सगळं केलं, आंघोळ घातली, हळदकुंकू लावलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. तुळशीच्या लग्नाला वृंदावनापुढे उसाचा मांडव पडला. सुना म्हणाल्या, आई, म्हणा ना. ती म्हणाली, घसा बसलाय. तो खरोखरच बसला होता.

कोमल म्हणजे गंगाबाईच्या मोठ्या मुलाची, जीवनची मुलगी. पनवेलला कॉलेजात जाऊन बी.कॉम. झालेली, एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला. तिचं लग्न वैशाखात होतं. डीजे ठरला होता, हळदीला ऑर्केस्ट्राही होता. पण मांडवाच्या सकाळी आजीनं झाडांचा धवला म्हटलाच पाहिजे, हे तिनं पहिल्यापासून सांगून ठेवलं होतं. लहानपणापासून ती तो दुसऱ्यांच्या दारात ऐकत आली होती.

"झेलनार कोन?" गंगाबाईनं विचारलं.

"तूच म्हण ना आजी दोन्ही. तुला काय येत नाही थोडंच?"

मांडवाची सकाळ उजाडली. ऊन अजून कोवळं होतं. अंगण सारवलेलं, पण मोकळं. एका बाजूला बांबूंचा ढीग, कापडाचे गठ्ठे, दोऱ्या. मध्ये खणलेला एक खड्डा. गड्यांनी पहिली मेढ त्यात उभी केली, जीवननं माती लोटली, दगड ठोकले. बायका गोळा झाल्या. चंद्रावतीही आली होती, काशीराम आणि प्रितमही. कुणीतरी गंगाबाईला पाटावर बसवलं.

"म्हना काकी," चंद्रावती म्हणाली.

गंगाबाईनं वर पाहिलं. तिला सवय होती, सुरुवात करताना एकदा मांडवाकडे पाहायची. वर काहीच नव्हतं. आभाळ होतं, आणि एक कावळा. समोर फक्त एक बांबू, मातीत रोवलेला.

तिनं पहिली ओळ लावली, "आंब्या रे आंब्या, मांडवाला येशील काय," आणि शब्द तोंडातून बाहेर पडता पडता तिला कळलं, की आपण काय विचारतो आहोत. आयुष्यभर तिनं हा प्रश्न विचारला होता. मांडव असेल तर कशाला विचारायचं? झाडांना बोलवायचं ते मांडव नाही म्हणून. हा एकच धवला असा होता, की जो मांडवात म्हणायचा नव्हता. मांडव यावा म्हणून म्हणायचा होता. सासूनं तो कधीही छताखाली म्हटला नव्हता, तिनंही नव्हता. आणि हौसाच्या खाटेशी बसून ती म्हणाली होती, मांडव कुठं हाय.

ती थांबली. पदर तोंडाला लावला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. नात सासरी जाणार, आजीचं मन भरून येणारच. एकीनं पाणी आणलं. कोमल येऊन शेजारी बसली, तिच्या खांद्यावर हात ठेवून.

"राहू दे आजी, नंतर म्हण."

"नाय," गंगाबाई म्हणाली. "आताच."

मग तिनं सगळा म्हटला. प्रश्न आपले, उत्तरं हौसाची. चाळीस वर्षं शेजारी बसून ऐकलेलं होतं, सगळं पाठ निघालं. आंब्याची पोरं, फणसाचं अंग, चिंचेचं आंबट तोंड. हौसा पुढे जे जोडायची ते मात्र तिला जोडता येईना. लग्नघरच्या आत्याकडे बघणं तिला जमलं नाही, आणि कुणी हसलंही नाही. एकटीला श्वास पुरेना. प्रश्न संपतो न संपतो तोच उत्तर द्यावं लागे, मध्ये जागाच राहत नव्हती. उंबरापाशी येईतो ती इतकी धापा टाकत होती, की त्याची ओळ तिनं अर्धी गिळली. जीवननं घाईघाईनं फांदी बांधली. बायका म्हणाल्या, काय सुरेख म्हटलं हो. चंद्रावती उठून फांदीची गाठ पुन्हा आवळायला गेली.

प्रितमनं ते सगळं मोबाइलवर घेतलं होतं. हे तिला कळलं ज्येष्ठात. शेजारच्या घरात दुपारी धवल्याचा आवाज आला, आणि ती दचकून दारात आली, कुणाचं लग्न आहे म्हणून. शेजारची सून कपडे वाळत घालत होती, तिचा मोबाइल खिडकीत होता. आवाज गंगाबाईचाच.

"प्रितमदादानी दिलं ब्लूटूथवर," सून म्हणाली. "आमच्या माहेरी पण पाठवलंय. मस्त हाय काकी."

गंगाबाई तशीच काशीरामकडे गेली. प्रितम जेवत होता.

"कुनाला इचारून मोकला सोडलास रे?"

"काकी, मांडवाच्या दिशी तर म्हनलास तू. समद्यांसमोर."

"मांडवाच्या दिशी म्हनला. पन आता तो कुठं कुठं वाजतोय, काय ठाव?"

प्रितमनं घास तसाच धरला. "आत्या असती तर तिनं पनवेलच्या बाजारात लाउडस्पीकर लावला असता," तो म्हणाला. "श्रावनात ती माना इचारत होती, तुज्या फोनमदी गंगीचं गानं राहील काय? मी म्हनलो, राहील, पन काकी म्हनेल तवा ना." मग त्यानं ताटाकडे पाहिलं. "ह्या तुला सांगायचं नव्हतं माना. निघून गेलं तोंडातून."

चंद्रावतीनं त्याच्या ताटात भात वाढला. "भाकर खाऊन जा गंगाकाकी," ती म्हणाली, आणि गंगाबाई बसली, कारण न बसता निघणं बरं दिसलं नसतं.

त्या पावसाळ्यात ती वाट पाहत राहिली. गाणं मोकळं सुटलं होतं. आता ते मांडव शोधत कुणाच्या तरी दारी बसणार. कोमलला सासरी ताप आला तेव्हा तिला वाटलं, आलं ते. ताप दोन दिवसांत उतरला. जीवनची गाडी घसरली. त्याला खरचटलं, एवढंच. शेजारच्या सुनेला दिवस गेले. ज्या ज्या घरात ते गाणं वाजत होतं, तिथली माणसं कामावर जात होती, भांडत होती, जेवत होती, झोपत होती. कुणीतरी त्याला खाली डीजेचा ठेका लावला, आणि गणपतीत पोरं त्यावर नाचली. उंबराच्या ओळीवर ठेका सर्वांत जोरात होता. तरी काही झालं नाही.

काहीच झालं नाही, हेच तिला सोसेना. एखाद्या घरावर काही आलं असतं, तर तिला वाईट वाटलं असतं, पण मग हौसाला नाही म्हटलं ते बरोबर ठरलं असतं. जसजसे दिवस चांगले जात होते, तसतसं तिच्याकडे काही उरत नव्हतं. ती देवळात गेली तर काय मागावं ते तिला कळत नसे.

दिवाळीच्या आधी ती पनवेलला डोळे दाखवायला गेली. जीवन सोडून कामावर गेला, परतताना एकटीच होती. स्टँडवर सहाआसनी रिक्षा भरायला वेळ लागत होता. रिक्षावाला मोहल्ल्यातला होता, पंचविशीतला, अरसलान नावाचा. पुढच्या काचेवर नाव लिहिलेलं होतं. त्यानं मोबाइल आरशाशेजारी टांगला होता आणि गाणी एकामागून एक चालली होती. दोन बायका बसल्या, एक कॉलेजचा मुलगा बसला, रिक्षा निघाली. गावाच्या फाट्यापर्यंत येता येता बाकीचे सगळे उतरून गेले. आणि तिचाच आवाज सुरू झाला. ठेका नसलेला, प्रितमनं घेतलेला मूळचा. मागे बांबू आपटल्याचा आवाजही त्यात होता.

गंगाबाई सावरून बसली.

"ह्या गाना तुज्याकडं कसा?" तिनं विचारलं.

"अम्मीसाठी घेतलंय, आजी," तो म्हणाला. "तिला फार पसंत आहे. मार्केटला एक सुकटवाली बसायची, अम्मी तिच्याकडून घ्यायची. ती हिला रेडिओ ऐकवायची, गाणी सांगायची. झाडांचं एक गाणं आहे म्हणून सांगायची, आंबा असं म्हणतो, चिंच असं म्हणते. पण पूरं कधी म्हटलं नाही. म्हणायची, माझ्याकडे अर्धंच आहे, बाकीचं मैत्रिणीकडे. हे मला एकानं दिलं तर अम्मी म्हणाली, अरे, तेच ते."

गंगाबाईनं बारला घट्ट धरलं. रिक्षा खड्ड्यांतून चालली होती.

"ती बाई दिसत नाही आता," अरसलान म्हणाला. "तुम्ही ओळखता?"

"व्हय. आमच्या गावची."

"बरी आहे ना?"

"नाय. गेली ती."

"अल्लाह," तो हळू म्हणाला, आणि आवाज कमी करायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

फोनमध्ये फणस बोलून झाला होता. अरसलान म्हणाला, "आजी, एक विचारू? हे तुमच्याकडं लग्नात म्हणतात ना? अम्मीला कुणीतरी सांगितलं, की ते लग्नाशिवाय म्हणायचं नसतं. तेव्हापासून ती दिवसा लावत नाही. म्हणते, कुणाच्या रिवाजाचा अपमान नको. मी म्हटलं, कुणा जाणत्या बाईला विचारतो. असंच लावलं तर चालतं का?"

फाटा आला होता. त्यानं रिक्षा बाजूला घेतली आणि मान वळवून तिच्याकडे पाहत राहिला. चिंच बोलत होती. गंगाबाईच्या हातात डोळ्यांच्या औषधाची पिशवी होती, ती तिनं मांडीवर ठेवली. सासूचा चेहरा तिला आठवून बघायचा होता, पण आठवेना. खाट आठवली, आणि भिंतीकडे वळलेली पाठ.

"चालतं," ती म्हणाली.

"नक्की ना? मी अम्मीला तसं सांगतो."

"सांग. कवापन चालतं. कुनी मांगितलं, तर लगेच लावायचं."

"जी," तो म्हणाला.

ती उतरली नाही. उंबराची ओळ यायची होती. ती आली, अर्धी, धाप लागलेली, आणि गाणं संपलं.

"ह्या शेवट चुकलाय," गंगाबाई म्हणाली. "असा नाय तो."

"आम्हाला कुठं कळतंय, आजी. आम्हाला छानच वाटतं."

मग त्यानं उतरून तिचा हात धरला, आणि तिला रस्त्याच्या कडेला नीट उभं केलं.